निकाल लागला आणि ग्रुप फुटायला आलाय. भिशी, सहल आणि मैत्री कशी सांभाळायची?

चाळकरी

मंडळी, सल्ला हवाय. लालबागच्या एकाच चाळीत वाढलेल्या मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आता निम्मे डोंबिवली-बदलापूरला, काही विरारला, चार-पाच अजून चाळीतच. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागल्यापासून ग्रुपवर नुसती टोमणेबाजी चालू आहे. तिघे ग्रुप सोडून गेलेत. दोन तट असते तर सोपं होतं. इथे दोन्ही शिवसेना आहेत, भाजप आहे, मनसे आहे, वंचित आहे आणि नोटा दाबणारे दोघे वेगळेच.

अडचण अशी की यातल्या २० जणांची भिशी आहे. महिना ५ हजार, चिठ्ठी पद्धत. १६ महिने झाले, ४ राहिले. सोडून गेलेल्या तिघांपैकी दोघांनी भिशी उचललेली आहे, एकाची उचलायची आहे. शिवाय २५-२६ जानेवारीला नागावला जायचं ठरलंय, बंगल्याचा अ‍ॅडव्हान्स देऊन झालाय.

कोणाचं बरोबर हे मला नकोय, ते ऐकून कान किटले. ग्रुपला नियम काय लावावेत, गेलेल्यांना परत कसं आणावं आणि भिशीचं काय करावं, एवढंच सांगा. पुढे महापालिकेची निवडणूकही येणारच, म्हणजे हेच सगळं परत होणार.

अ‍ॅडमिन_नाइलाजाने

आधी सेटिंगची कामं करून घ्या, त्याला कुणाचं मन वळवावं लागत नाही.

भिशीचा ग्रुप वेगळा काढा, सहलीचा वेगळा. दोन्हींत फक्त त्या कामाचं बोलणं. मूळ ग्रुप गप्पांना राहू दे. पैशाची आणि तारखांची पोस्ट टोमण्यांच्या गर्दीत वाहून गेली की हप्ते थकतात आणि थकलेल्या हप्त्यालाही राजकीय रंग चढतो: "तो मुद्दामच देत नाहीये."

व्हॉट्सअ‍ॅपवर राजकीय पोल चुकूनही टाकू नका. गंमत म्हणूनसुद्धा नाही. तिथलं मत गुप्त नसतं, "मतं पहा" दाबलं की कोणी काय निवडलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. पोल जेवणाच्या मेनूसाठी ठेवा.

डबल बाणाचा फॉरवर्ड, म्हणजे ज्यावर "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असं येतं, तो ग्रुपवर सरसकट बंद करा. अ‍ॅप स्वतःच तो एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, यावरून काय ते समजा. असा मजकूर टाकणाऱ्याचा स्वतःचा नसतो, त्यामुळे त्यावर वाद घालून काही निघत नाही. ज्याला म्हणायचंय त्याने स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. नव्वद टक्के भांडणं तिथेच गळतात, कारण चार ओळी लिहायचा कंटाळा येतो.

अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो, पण तिथे "अ‍ॅडमिनने डिलीट केला" असं तुमच्या नावासकट उमटतं. म्हणून आधी त्याला खाजगीत सांगा: "हा तू स्वतः काढ." दोन दिवसांच्या आत असेल तर त्यालाच काढता येतो आणि कोणाचं तोंड पडत नाही. ऐकलं नाही तरच तुम्ही काढा. आणि अ‍ॅडमिन एकच नको. दोन वेगळ्या पक्षांचे दोन आणि कशातच नसलेला एक.

गेलेल्या तिघांना परस्पर पुन्हा अ‍ॅड करू नका. माणूस रागावून उठून गेलाय, त्याला दंडाला धरून आणून बसवल्यासारखं होतं. फोन करा, मग लिंक पाठवा. यायचं तेव्हा येईल. हल्ली कोणी बाहेर पडलं की सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते, पण मागच्या ६० दिवसांत कोण गेलं ती यादी ग्रुप माहितीत सगळ्यांना दिसते. तेव्हा "कोण गेलं, का गेलं" ही चर्चा ग्रुपवर सुरू होण्याआधी फोन झालेला बरा.

निकालाच्या दिवशी मूळ ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन" वर टाका. विधानसभा-लोकसभेची मोजणी सकाळी ८ ला टपाली मतांपासून सुरू होते, ईव्हीएम साडेआठच्या सुमारास. म्हणजे पावणेआठला कुलूप, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायचं. आणि ते आठवडाभर आधी जाहीर करायचं. निकालाचा कल पाहून कुलूप लावलं तर अ‍ॅडमिन कोणाचा माणूस हे लगेच ठरतं.

बाकी "राजकारण बंद" असा एकच नियम लावा आणि मोकळे व्हा.

दुसरा_मजला

वरच्या प्रतिसादातलं सगळं मान्य, शेवटची ओळ सोडून. "राजकारण बंद" हा नियम मुंबईत टिकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ठाण्याहून रोज गाडी घेऊन येणाऱ्या मित्राने ते ग्रुपवर टाकलं तर ती बातमी की प्रचार? चाळीचा पुनर्विकास, पाण्याचा दाब, मुलांच्या शाळेतली तिसरी भाषा, लोकल १५ मिनिटं लेट, यातलं काय राजकारण नाही? बंदी घातली की कुठली पोस्ट "राजकीय" ते अ‍ॅडमिन ठरवणार आणि आपल्या बाजूची पोस्ट प्रत्येकाला नुसती माहितीच वाटते. आठवड्यात बंदीवरूनच भांडण लागतं.

विषयाला बंदी नको, पद्धतीला हवी. फॉरवर्ड नको, हे आलंच. दुसरं म्हणजे टोपणनावं नकोत: अंधभक्त, चमचा, गद्दार, खोकेवाला, फेकू, पप्पू, सगळी एकदाच यादी करून बाद करा. यातले बरेचसे शब्द नेत्यांसाठी निघाले, पण ग्रुपवर नेता नसतोच, समोर असतो तो मित्र, म्हणून शब्द त्यालाच लागतो. आमदार सुरतेला गेला असेल, तुमचा मित्र परळ-बदलापूर अप-डाऊन करतोय. तिसरं, ग्रुपवर एकाला नाव घेऊन राजकीय प्रश्न विचारायचा नाही. "काय रे अमुक, आता बोल की" हे वाक्य विसाजणांसमोर आलं की त्याला उत्तर देणं भागच पडतं, आणि तो मत मांडत नाही, अब्रू वाचवतो.

जिंकलेल्यांचं आणि हरलेल्यांचं पथ्य वेगळं असतं हेही लोक विसरतात. जिंकलेल्या बाजूने पहिले दोन दिवस गुलालाचे फोटो, डीजेचे व्हिडिओ आणि "बर्नोल पाठवू का" टाळायचं. हरलेल्या बाजूने "लोकांची लायकीच ही" आणि "पंधराशेला विकले गेले" टाळायचं. हे दुसरं जास्त खोल जखम करतं. लाडकी बहीणचे १५०० रुपये ग्रुपमधल्या किती जणांच्या आईच्या, बायकोच्या, वहिनीच्या खात्यात आलेत ते तुम्हाला माहीत नसतं. योजनेवर, तिच्या खर्चावर, निवडणुकीच्या तोंडावर ती आणण्यावर हवी तेवढी टीका करा. पण "विकले गेले" म्हणालात की तुम्ही एका मित्राच्या आईबद्दल बोलताय.

एक आगाऊ सल्ला. "नेते रात्री एकत्र जेवतात, मग आपण का भांडायचं" हा सुविचार ग्रुपवर टाकू नका. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण ज्याने महिनाभर सुट्ट्या टाकून प्रचार केला त्याला तू मूर्ख आहेस एवढंच त्यातून ऐकू येतं.

ज्याचं मत खरंच समजून घ्यायचंय त्याच्याशी एकट्याने बोला, शक्यतो चालता-चालता. "याला का दिलंस" विचारू नका, त्यात जाब असतो. "या वेळी तुझ्याकडे कशावरून ठरलं?" असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर पक्षाचं नसतंच. रखडलेला पुनर्विकास, भाडं थकवलेला बिल्डर, एखाद्या शाखेने हॉस्पिटलात खाट मिळवून दिलेली, एखाद्या आमदाराने फोन न उचललेला, असलं काही निघतं. ते ऐकून घ्या, "म्हणजे बिल्डरचं प्रकरण मुख्य होतं ना?" असं एकदा विचारून खात्री करा आणि मग आपलं सांगा. त्याने विचारलं तरच.

रोजमेळ

भिशीपुरतं बोलतो.

२० जण × ५,००० म्हणजे महिन्याला १ लाख. उचललेल्या दोघांनी हप्ते थांबवले तर दर महिन्याला १० हजारांची तूट, चार महिन्यांत ४० हजार. ही तूट ज्यांची अजून उचलायची आहे त्यांच्याच अंगावर येते. म्हणजे राजकारणावरून रुसले एक, भुर्दंड भलत्यांना. त्या दोघांना हे असंच आकड्यांत सांगा: "तुझे २० हजार राहिलेत, ते अमक्या चौघांच्या चिठ्ठीतले आहेत." ग्रुपमध्ये असण्या-नसण्याचा त्याच्याशी संबंध नाही हे स्पष्ट करा. फोन अशा माणसाने करावा जो त्यांच्याच पक्षाचा आहे, नाहीतर वसुलीचा फोन टोमणा वाटतो.

ज्याची उचलायची आहे त्याला आपले पैसे बुडतील ही भीती असणार. सगळ्यांच्या संमतीने पुढची, म्हणजे १७ वी भिशी त्याला चिठ्ठी न टाकता द्या, पण उरलेल्या ३ हप्त्यांचे १५ हजार आधीच कापून. त्याच्या हातात ८५ हजार. १७ वा हप्ता धरून त्याने भरलेले बरोबर ८५ हजारच होतात. ना त्याचं कुणाकडे, ना कुणाचं त्याच्याकडे. कापलेले १५ हजार ज्याच्याकडे राहतील त्याचं नाव भिशीच्या ग्रुपवर लिहून ठेवा.

पुढची भिशी सुरू करताना ग्रुपचा सदस्य असणं ही अट ठेवू नका. भिशीची वही वेगळी, मैत्रीची वेगळी.

झोनल_ड्युटी

निवडणुकीच्या कामाची माहिती आहे म्हणून दोन गोष्टी. ग्रुपवरचे निम्मे वाद अर्धवट आकड्यांमुळे होतात.

पहिलं, "तू कुणाला दिलंस" हा प्रश्न. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९४: कोणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही, अगदी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही नाही. जिथे कायदा विचारू शकत नाही तिथे भिशीच्या ग्रुपने का विचारावं? स्वतःहून सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं तर "म्हणजे नक्कीच त्यांना दिलं" असा अर्थ काढू नका.

दुसरं, फॉर्म २० चा खेळ. निकालानंतर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० येतो, त्यात केंद्रवार कोणाला किती मतं ते असतं. विधानसभेला मुंबईत मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं दिली होती, त्यामुळे लोक तो कागद उघडून "आपल्या कॉम्प्लेक्समधून यांना ४० कुणी दिली" असे तर्क लढवायला लागले. एका केंद्रावर हजारभर मतदार असतात आणि आजूबाजूच्या इमारतीही त्याच यादीत असू शकतात. टपाली मतं केंद्रवार दिसत नाहीत. त्यावरून एका माणसाचं मत ओळखू पाहणं म्हणजे वेळ घालवणं, आणि शेजारी-मित्रांत संशय पेरणं फुकट.

"तुझ्या मतामुळे पडला" हाही असाच. लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, विधानसभेला माहीमचा तिरंगी सामना १,३१६ मतांनी. असे आकडे पाहिले की मतं खाल्ल्याचा आरोप मित्रावर होतो. पण ४८ चा फरक असला तरी एका मताने ४७ होतो, निकाल तोच. आणि तिसऱ्याला दिलेलं मत दुसऱ्याच्या खात्यातून चोरलेलं नसतं. तो माणूस कदाचित घरीच बसला असता.

माणसांना कायमचं एका खणात टाकू नका. २०२४ च्या जूनमध्ये लागलेल्या लोकसभा निकालात राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांच्या मिळून २३०. याच राज्यात, सहाच महिन्यांत. तुमच्या ग्रुपमध्येही दोन वेळा दोन बटणं दाबलेले असणारच, फक्त ते बोलत नाहीत.

ईव्हीएमवरून वाद चालू असेल तर त्याला कागदावर आणा. "मशीन हॅक" विरुद्ध "हरले की रडतात" यात काहीच निष्पन्न होत नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींना फॉर्म १७सी ची प्रत देतो, त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली ते असतं. तो आकडा आणि फॉर्म २० मधला त्याच केंद्राचा आकडा शेजारी ठेवून पाहता येतो. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारा कागद, ७ सेकंद दिसते, आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठीने निवडलेल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताळा घेतात. एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून ७ दिवसांत, पैसे भरून, ५ टक्के मशीनच्या तपासणीची मागणी करता येते. हे पुरेसं आहे की नाही यावर दोन मित्रांची दोन मतं असू शकतात, आणि तो वाद चांगला आहे. निदान दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

चाळकरी

रोजमेळ, ८५ हजारांचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. उद्याच बोलतो.

एक गोष्ट आधी लिहिली नाही. गेलेल्या तिघांपैकी एक निकालावरून नाही गेला. ग्रुपवर कोणीतरी त्याच्या समाजाबद्दल गलिच्छ फॉरवर्ड टाकला आणि खाली चार-पाच जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. टाकणारा म्हणतोय, "राजकीय पोस्ट आहे, मनाला काय लावून घेतो."

सायडिंग

मग हे प्रकरण वेगळं, वरच्या सल्ल्यांत मिसळू नका. मित्राच्या मताचा मान राखायचा म्हणजे त्याने कोणाला निवडलं त्याचा. त्याची जात, धर्म, गाव यांची टिंगल करायची मोकळीक त्यात येत नाही, पोस्टवर पक्षाचं चिन्ह असलं तरी.

आज काय कराल? तो फॉरवर्ड अजून असेल तर या वेळी खाजगी विनंतीचा सोपस्कार नको, अ‍ॅडमिनने सरळ काढावा आणि का काढला ते एका ओळीत तिथेच लिहावं. मग टाकणाऱ्याला फोन. तो म्हणेल "मी फक्त फॉरवर्ड केलं". त्यावर वाद नको. "ज्याला लागलं तो आपला आहे, माफी ग्रुपवर माग" एवढंच. अपमान सगळ्यांसमोर झाला असेल तर माफी खाजगीत मागून भागत नाही. माफीत "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असं जर-तर नको. "मी टाकलेली पोस्ट चुकीची होती, काढली आहे, माफ कर." बस्स.

हसणाऱ्यांना सोडू नका. गेलेल्या माणसाला एकाच्या पोस्टपेक्षा पाच जणांचं हसू जास्त लागलेलं असतं. त्या प्रत्येकाने त्याला स्वतः फोन करावा, ग्रुपतर्फे एकाने नव्हे.

आणि तो लगेच परत आला नाही तर "आता माफी मागितली ना" म्हणून मागे लागू नका. टाकणारा माफीला तयारच नसेल तर त्याला ग्रुपमधून काढा. भिशीचा हप्ता मात्र त्याच्याकडूनही घ्यायचा, त्याची पाळी आली की त्यालाही द्यायची.

अ‍ॅडमिन म्हणून स्वतःवर केस होईल या भीतीने काही जण हात झटकतात. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. तेव्हा कारवाई भीतीपोटी नको, त्या मित्रासाठी करा.

मांडवा_रिटर्न

सहल रद्द करू नका, फक्त वेळापत्रक बदला. असल्या ग्रुपची भांडणं दुपारी पोहताना होत नाहीत, रात्री बसल्यावर तिसऱ्या पेगनंतर होतात. जेवण साडेआठलाच लावा, बसायचं ते जेवणाबरोबर. उशिरा जेवायचं ठेवलं की रिकाम्या पोटी विधानसभा सुरू.

२६ जानेवारीला रविवार आहे, गर्दी प्रचंड असेल. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला तासाभरात पोचाल, बुकिंग आत्ताच करा. सगळ्यांची एकच मोठी गाडी करा. चार कार केल्या तर प्रत्येक पक्षाची एक कार होते, हे ठरलेलं. खोल्यांच्या चिठ्ठ्या काढा, जोड्या स्वतः लावत बसू नका. टीव्ही असलाच तर रिमोट केअरटेकरकडे.

दुसरा_मजला

महापालिकेबद्दल राहिलं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मग प्रशासक आला, पण निवडणूक आज ना उद्या येतेच. त्यात गंमत अशी की २२७ प्रभाग, प्रत्येकी एकच नगरसेवक, म्हणजे उमेदवार अगदी ओळखीतला. ग्रुपमधल्याच कुणाची वहिनी उभी राहू शकते. आत्ताच ठरवून टाका: ग्रुपमधले नंबर कुठल्याही उमेदवाराच्या ब्रॉडकास्ट यादीत जाणार नाहीत आणि ग्रुपच्या नावाने पाठिंब्याचा बॅनर लागणार नाही. व्यक्तिशः ज्याने त्याने हवा तो झेंडा घ्यावा. आणि प्रचाराला न येणाऱ्या मित्राला नंतर हिशेब विचारायचा नाही. डोंबिवली-विरारवाल्यांची नावं तिकडच्या यादीत असतील, त्यांना इकडच्या प्रचारात ओढूच नका.

चाळकरी

फॉरवर्ड काढला. दोन नवे अ‍ॅडमिन केले, एक धनुष्यबाणवाला, एक मशालवाला. टाकणाऱ्याशी रात्री बोलणार आहे. रोजमेळ, १७ वी थेट दिल्यावर बाकीच्या तिघांची चिठ्ठी नेहमीसारखीच काढायची ना?

रोजमेळ

हो, १८ वी आणि १९ वी चिठ्ठीने, २० वी उरेल त्याला. फक्त त्या दोघांचे हप्ते येतायत हे जानेवारीत पाहून मगच १८ वी काढा. एकाचा जरी चुकला तरी आलेल्या रकमेतच भिशी द्या आणि तूट त्याच्या नावावर लिहा. दुसऱ्या कुणी खिशातून भरू नये, नाहीतर तो पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकवत बसेल.